रात्री उशिरा पोचणाऱ्याचं व्रत

आजचं वाचन: तैत्तिरीय उपनिषद, भृगुवल्ली, अनुवाक ७ ते १०



लाँग वीकेंड जवळ आला की ग्रुपवर कोकणाचे बेत सुरू होतात. कोण गाडी काढणार, कुठलं होमस्टे, बीच किती लांब, सगळं ठरतं. एक गोष्ट मात्र कोणीच विचारत नाही: पोचल्यावर रात्री जेवायचं काय? म्हणून आज मुद्दाम हे वाचन घेतलंय. उपनिषदाचा आणि होमस्टेच्या बुकिंगचा काय संबंध, असं वाटेल. पण उशिरा पोचलेला पाहुणा आणि त्याचं अन्न, हा विषय आपल्या ऋषींनी चक्क व्रत म्हणून सांगितलाय.

आधी थोडा संदर्भ

भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वडील म्हणतात, तप कर आणि स्वतः शोध. भृगूला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. इथे आपल्याला वाटतं, झालं, शिखर गाठलं, आता उपनिषद संपणार.

संपत नाही. आनंदापर्यंत पोचल्यावर पुढच्याच अनुवाकात उपनिषद परत स्वयंपाकघरात उतरतं आणि ओळीने चार व्रतं सांगतं. अन्नाला नावं ठेवू नकोस. अन्न टाकू नकोस. अन्न भरपूर पिकव, वाढव. आणि चौथं, वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नकोस, त्यासाठी ज्या कुठल्या मार्गाने जमेल त्या मार्गाने भरपूर अन्न जवळ ठेव. पुढे असंही सांगितलंय की अशा घरातली माणसं आलेल्याला म्हणतात, तुमचं जेवण तयार आहे. आणि ज्या भावाने अन्न दिलं जातं, त्याच भावाने ते देणाऱ्याकडे परत येतं.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते ‘ज्या कुठल्या मार्गाने जमेल’ हे. म्हणजे अन्न आपोआप येत नाही, हे ऋषींना पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी धान्य आणलेलं असतं, पाणी भरलेलं असतं, चूल पेटवलेली असते. ‘जेवण तयार आहे’ हे तीन शब्द म्हणता यावेत म्हणून कोणाचा तरी अख्खा दिवस गेलेला असतो.

हे वचन नेमकं कोणाला सांगितलंय?

याच उपनिषदातलं, अतिथीला देव मानायला सांगणारं वचन तर सगळ्यांना माहीत आहे. पर्यटनाच्या जाहिरातींमुळे ते घराघरांत पोचलं. पण ते कुठे येतं, ते बघा. ते शिक्षावल्लीत येतं. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो निरोपाचा उपदेश करतात, त्यात. म्हणजे उद्या ज्याचं घर होणार आहे, ज्याच्या दारात पाहुणे येणार आहेत, त्याला ते सांगितलंय. दार वाजवणाऱ्याला नाही.

आपण मात्र ते उलटं वापरतो. रात्री अकराला पोचायचं, गरम जेवण मिळालं नाही की म्हणायचं, ‘पैसे भरलेत ना? पाहुणे देव असतात ना?’ आणि मग एक स्टार कमी द्यायचा. व्रत हे स्वतःने घ्यायचं असतं. दुसऱ्याकडे त्याची वसुली करता येत नाही.

मग पाहुण्याने काय करायचं? यासाठी नचिकेत बघा. कठोपनिषदात तो यमाच्या दारी पोचतो तेव्हा यम घरी नसतो. तीन रात्री हा मुलगा काही न खाता तिथे राहतो. यम परत आल्यावर त्याला वाईट वाटतं, तो नमस्कार करतो आणि उपाशी काढलेल्या तीन रात्रींबद्दल तीन वर देऊ करतो. आता विचार करा, तीन दिवसांचा उपाशी पाहुणा पहिल्यांदा काय मागेल? नचिकेत मागतो ते वडिलांसाठी. त्यांचा राग जाऊ दे, मन शांत होऊ दे. यम उत्तर देतो, तुझे वडील रात्री सुखाने झोपतील.

उपाशी पाहुण्याच्या पहिल्या मागण्यातून दुसऱ्या कोणाला तरी सुखाची झोप मिळाली! उशिरा पोचणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हरिहरेश्वरची एक रात्र

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण पुण्याहून शुक्रवारी ऑफिस करून हरिहरेश्वरला निघालो. ताम्हिणी घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि दोन तास तिथेच गेले. घाटात फोनला रेंज नाही. ज्या घरी राहणार होतो त्या काकूंशी दुपारीच बोलणं झालेलं होतं: पाच माणसं, सगळे शाकाहारी, यायला दहा होतील. माणगावला रेंज आल्यावर पुन्हा फोन केला आणि सांगितलं, ‘काकू, आता साडेअकरा होतील. तुम्ही थांबू नका. जे असेल ते झाकून ठेवा आणि झोपा.’ काकू म्हणाल्या, ‘कुळथाचं पिठलं आणि भात ठेवते. भाकऱ्या फडक्यात असतील. दाराची किल्ली तुळशीपाशी.’

माणगावची बाजारपेठ अजून थोडी उघडी होती. तिथे दोन लिटर दूध, डझनभर केळी, ब्रेड आणि पाण्याचे कॅन घेतले. आमच्यातला एक जण कुरकुरला, ‘जेवण आहे ना, मग कशाला?’ पुढे म्हसळा, श्रीवर्धन, सगळीकडे दुकानं बंद. डिलिव्हरी ॲप उघडून काही उपयोग नव्हता. त्या रस्त्याला रात्री काळोख आणि सुपारीच्या बागा, एवढंच असतं.

पोचलो, किल्ली मिळाली, ताटं मांडली. तेवढ्यात फाटकाशी दुसरी गाडी थांबली. एक जोडपं, सोबत म्हातारी आई आणि दीड-दोन वर्षांचं बाळ. त्यांनी दुसरीकडे जागा ठरवली होती, तिथे कुलूप होतं आणि फोन कोणी उचलत नव्हतं. आमच्या घरात दिवा दिसला म्हणून ते थांबले. आवाजाने काकू उठून बाहेर आल्या. त्यांनी एकच विचारलं, ‘बाळ जेवलंय का?’ आणि मागची खोली उघडून दिली.

भाडं किती, आधार कार्ड कुठे, हे सगळं सकाळी. व्रत म्हणतात ते हे. पण काकू स्वयंपाकघराकडे वळल्या तेव्हा माझ्या मनात आलं की चौथं व्रत आता एकट्या काकूंचं राहिलेलं नाही. त्या पहाटे पाचला उठणाऱ्या बाई. आम्ही म्हटलं, ‘काकू, तुम्ही झोपा. आमचं जेवण पुरेल.’ पाच जणांचं पिठलं-भात आठ जणांत वाटलं. भाकऱ्या अर्ध्या-अर्ध्या. कमी पडलं तिथे ब्रेड आणि केळी. बाळाला दूध गरम करून दिलं. माणगावला कुरकुरलेल्याच मित्राने ते गरम केलं. आजी जेवताना काही बोलल्या नाहीत. पानावरून उठताना मात्र त्यांनी ताटाला नमस्कार केला.

त्या दूध-केळ्यांच्या पिशवीत काय विशेष होतं? काहीच नाही. पण ती नसती, तर काकूंना रात्री बारा वाजता पुन्हा चूल पेटवावी लागली असती, नाहीतर बाळ उपाशी झोपलं असतं.

‘देव बघेल’ म्हणजे काय?

गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकात भगवंत भक्ताचा योगक्षेम वाहण्याचं वचन देतात. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते टिकणं. याचा अर्थ काही जण असा घेतात की तयारी करणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं. मला तसं वाटत नाही. भगवंत योगक्षेम वाहतात ते कोणाच्या तरी हातांनी. कधी काकूंच्या, कधी उशिरापर्यंत शटर उघडं ठेवणाऱ्या दुकानदाराच्या. तसं असेल तर आपले हात त्यांनी कधीच का वापरू नयेत?

वारीत हे स्पष्ट दिसतं. नामस्मरणात चालणाऱ्या दिंडीचा ट्रक पुढे मुक्कामाला गेलेला असतो. त्यात शिधा, भांडी, तंबू. वारकरी पोचतो तेव्हा स्वयंपाक झालेला असतो. पांडुरंगावर वारकऱ्यापेक्षा जास्त भरवसा कोणाचा असेल? तरी शिधा बरोबर असतोच.

चार व्रतं, आपल्या प्रवासासाठी

१. नावं ठेवू नका. रात्री झाकून ठेवलेलं जेवण गार असणारच. त्याचा फोटो काढून तक्रार करण्याआधी ते कोणी, किती वाजता केलं असेल, ते आठवा.

२. टाकू नका. किती माणसं जेवणार हे दुपारपर्यंत कळवा. उपास असेल, तिखट चालत नसेल, तर तेही तेव्हाच सांगा. कोकणातल्या घरगुती खानावळीत सांगाल तेवढंच रांधतात, जास्तीचं पडून नसतं. वाटेत ढाब्यावर जेवायचं ठरलं तर लगेच फोन करा आणि सांगितलेल्या जेवणाचे पैसे न कुरकुरता द्या.

३. वाढवा. शिध्याची एक पिशवी कायम तयार ठेवा. तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, हळद, छोट्या डबीत तूप, पोहे, मेतकूट, चहा-साखर, दुधाची पावडर. सोबत काडेपेटी, मेणबत्ती, टॉर्च, साबण, डासांची उदबत्ती, नेहमीची औषधं आणि थोडे रोख पैसे, कारण रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही. स्वतः रांधायची जागा घेतली असेल तर गॅस, कुकर आणि पिण्याचं पाणी आहे का, ते निघण्याआधी विचारा. दूध, केळी, ब्रेड शेवटच्या मोठ्या गावात घ्या, आणि आपल्या गरजेपेक्षा थोडं जास्त घ्या.

४. परत पाठवू नका. हे जास्तीचं कोणासाठी, ते तेव्हा माहीत नसतं. कोणी आलं नाही, तर निघताना न फोडलेली पाकिटं घरमालकांना विचारून तिथेच फडताळात ठेवा. पुढच्या शुक्रवारी कोणीतरी उशिरा येणारच आहे.

आणि या चारांच्या आधी नचिकेताचं एक वाक्य आपल्या भाषेत: ‘काकू, तुम्ही झोपा.’ हे फोनवर म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही.

आजचा संकल्प

पुढच्या ट्रिपचं बुकिंग झालं असेल, तर आजच त्या घरी फोन करा. खोलीत एसी आहे का, हे विचाराल तेव्हाच हेही विचारा: ‘तुमच्याकडे स्वयंपाकघर किती वाजता आवरतं?’

पांडुरंगा, आम्ही ज्यांच्या दारी जाऊ त्यांच्यावर आमचा भार कमी पडू दे. आमच्या ताटातलं थोडं उरू दे, आणि ते मागणारा कोणी आला तर आम्हाला तो ओळखू येऊ दे.

उद्याचं वाचन: कठोपनिषद, पहिली वल्ली. नचिकेताचा दुसरा वर.

राम कृष्ण हरी!