मूठभर धान्य

सरकारी अनुदानातून शिक्षकांचे वेतन निघते. परंतु विद्यार्थ्याच्या ताटातील भाकरी, ग्रंथ, निवारा यांचे काय? कर्मवीर भाऊराव पाटील यांना हा प्रश्न आरंभापासून भेडसावत होता. १९१९ साली काले (जि. सातारा) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. त्याची चूल पेटती राहावी म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले. मंगळसूत्रही राखले नाही.

पुढे 'मुष्टिफंडा'ची कल्पना रुजली. घरोघरच्या स्त्रियांनी मूठभर धान्य बाजूला काढावे व ते मुलांच्या जेवणासाठी द्यावे. ज्या घरात रोख पैसा क्वचितच दिसे, ते घरही दाते ठरले! श्रीमंतांच्या थैलीपेक्षा ही मूठ आम्हांस मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे शाळा गावाची झाली. विद्यार्थीही केवळ घेणारे राहिले नाहीत. 'कमवा व शिका' योजनेत ते शेतात राबत.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर, १९४८ च्या सुमारास, भाऊरावांच्या सरकारवरील टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. ते पुन्हा सुरू होईपर्यंत संस्थेला लोकांच्याच आधारावर उभे राहावे लागले.