वाट विचारावी, पण पाटी वाचावी

परगावी गेलो की आपण नाक्यावर विचारतो, “तलाठ्याची कचेरी कुठं आहे हो?” कोणी तरी हात दाखवतो. आपण तिकडे जातो. पण आत शिरताना दारावरची पाटी वाचतो. पाटी वाचल्याशिवाय कागद आणि पैसे कोणाच्या हातात देत नाही.

मोबाईलवरही असेच वागायचे असते.

मोबाईलमध्ये वाट सांगणारा एक वाटाड्या असतो. त्याला शोधयंत्र म्हणतात. ‘गूगल’ हे शोधयंत्र आपल्याकडे फार वापरले जाते. लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी ते अमेरिकेत तयार केले. १९९८ साली त्यांनी त्याची कंपनी काढली.

या वाटाड्याला सगळे कसे ठाऊक? सरकारी कचेऱ्या, बँका, दुकाने, वर्तमानपत्रे आपापली माहिती इंटरनेटवर ठेवतात. अशा ठिकाणाला वेबसाईट म्हणतात. शोधयंत्राचे संगणक रात्रंदिवस या वेबसाईटींची पाने चाळतात. कोणत्या पानावर कोणते शब्द आहेत, याची यादी करतात. आपण शब्द दिले, की यंत्र त्या यादीत पाहते. आपल्या कामाची वाटतील ती पाने पुढे मांडते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्र पाने शोधून देते. पान लिहिणारा माणूस खरा की लबाड, याची हमी ते देत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. निडी हे पनवेल-रोहा रेल्वेवरचे गाव. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याला पीककर्ज काढायचे आहे. त्याला सातबारा हवा. रोहा पुढचेच स्टेशन. पण लावणीचे दिवस. दिवस मोडून कसे चालेल? तो मुलीला म्हणाला,

“बाय, मोबाईलवर सातबारा मिळतो म्हणतात. बघ बरं जरा.”

“काय लिहू, बाबा?”

“लिही, निडी.”

मुलीने लिहिले. रेल्वे स्टेशनची माहिती आली. नकाशा आला. सातबारा काही आला नाही.

“बाबा, आपल्याला काय पाहिजे ते आपण सांगितलंच नाही!” मुलगी म्हणाली. मग तिने लिहिले, ‘सातबारा उतारा महाराष्ट्र शासन’. आता सातबाऱ्याची पाने आली.

म्हणून विचारताना नेमके विचारावे. गावाबद्दल विचारायचे तर तालुका आणि जिल्हाही लिहावा. एका नावाची गावे अनेक असतात. ज्यांना लिहायला वेळ लागतो, त्यांनी माईकचे चित्र दाबून बोलावे. २०१७ सालापासून गूगलला मराठी बोलणेही समजते.

“हे पहिलंच दिसतंय. हेच उघड,” बाप म्हणाला.

“थांबा, बाबा. इथं ‘प्रायोजित’ लिहिलंय. म्हणजे ही जाहिरात आहे. वर दिसावं म्हणून पैसे भरलेत.”

जत्रेत मोक्याच्या जागेला भाडे जास्त पडते. पण तिथल्या दुकानातला माल चांगलाच असतो असे नाही. तसेच हे आहे.

मग खरी जागा कशी ओळखायची? पाटी वाचून. वेबसाईटचा पत्ता हीच तिची पाटी. तो इंग्रजी अक्षरांत असतो. बहुतेक सरकारी पत्त्यांच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. हा शेवट फक्त सरकारलाच मिळतो. मुलांकडून ही अक्षरे कागदावर लिहून घ्या आणि ओळखायला शिका. मात्र ‘जीओव्ही’ नावात कुठे तरी असून भागत नाही. लबाड लोक मध्येच ती अक्षरे घालतात. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी हा शेवट असला पाहिजे.

सातबाऱ्याच्या सरकारी वेबसाईटचे नाव ‘महाभूलेख’. तिथे जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर दिला की सातबारा फुकट पाहता येतो. पण तो केवळ माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कचेरीत द्यायला डिजिटल सहीचा सातबारा लागतो. तो १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याची सरकारी फी १५ रुपये आहे. कोणी मोबाईलवर शेकडो रुपये मागू लागला, तर हात आवरा आणि पाटी पुन्हा वाचा.

फोन नंबर शोधतानाही जपा. बँकेचे नाव लावून ठग स्वतःचाच नंबर इंटरनेटवर टाकतात. आपण फोन करतो. तो गोड बोलून ओटीपी किंवा पिन विचारतो, आणि खाते रिकामे करतो. म्हणून बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यावा. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही.

इतके करूनही फसवणूक झाली तर? लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

पूर्वी अक्षर येत नसे, तेव्हा कोणी दाखवील तिथे अंगठा उठवावा लागे. आता आपल्याला वाचता येते. मग न वाचता मोबाईलवर बोट का दाबावे?

आता सांगा :

१. शोधयंत्र पाने कशी शोधते?
२. ‘प्रायोजित’ म्हणजे काय?
३. सरकारी वेबसाईट कशावरून ओळखाल?
४. फसवणूक झाली तर कोणत्या नंबरावर फोन कराल?

करून पाहा : घरातल्या कोणाला तरी जवळ घेऊन महाभूलेखवर आपला सातबारा काढा. त्यावरचे आपले नाव आणि क्षेत्र स्वतः वाचा. काही चूक दिसली तर तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, भेटा.