यीस्टला आधी हवा, मग साखर

बेंगळुरूच्या पबात ब्रुअर म्हणून लागलीस, तर मामाच्या चार गोष्टी ऐकून ठेव. आधी कायद्याची: १९६५च्या कर्नाटक अबकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे. गच्चीवर प्रयोग नकोत. २० लिटरची ट्रायल बॅच पबातच लाव, मालकाला सांगून.

आता खरी गोष्ट. वर्ट, म्हणजे मॉल्टचं गोड पाणी, तासभर उकळलं की त्यातली हवा जवळजवळ सगळी उडून जाते, आणि यीस्टला सुरुवातीला तीच लागते. ऑक्सिजन मिळाला तरच ते पेशीच्या आवरणासाठी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं भरपूर बनवतं. तिथे कमी पडलं, तर पुढच्या पिढ्या अशक्त निघतात, आंबणं मध्येच अडतं आणि बिअर गोडमिट्ट राहते. मग लोक मॉल्टला शिव्या घालतात.

तुमच्या गावाची एक खोड आहे. बेंगळुरू नऊशे मीटरवर, हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी. २० अंशांच्या वर्टात मुंबईला लिटरमागे आठेक मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर तिथे सातच्या आसपास. हलक्या एलला तेवढा पुरतो. दणकट स्टाउट लावायची असेल, तर ऑक्सिजनचं सिलिंडर आणि बारीक छिद्रांचा दगड घे, आणि मिनिटभर हळू सोड.

हवा घालायची ती वर्ट गार झाल्यावरच. गरम वर्ट खळखळवलंस तर ऑक्सिजन फारसा विरघळत नाही, उलट चव मात्र बिघडू शकते. एप्रिलमध्ये नळाचं पाणीच कोमट येतं. चिलर २५-२६ अंशांवर अडला की भांडं बर्फात ठेव, १८-२० वर आण.

साधन नसेल तर दोन बादल्या पुरतात. तिथल्या दर्शिनी उपाहारगृहातला माणूस कॉफी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओततो ना, तसंच, आठ-दहा वेळा. बादलीत वर हातभर जागा सोड, फेस भसाभस चढतो. मत्स्यालयाचा पंपही चालतो, पण नळीत जंतू अडवणारा फिल्टर हवाच. बादल्या, नळी, झारा, सगळ्यावर सॅनिटायझर. आणि पंखा बंद! उघड्या गार वर्टावर वारा घालणं म्हणजे बॅक्टेरियांना आयतं आमंत्रण. ऑक्सिजनऐवजी ऑलिव्ह तेलाचा थेंब टाका म्हणणारे भेटतील. ऐकून घे, टाकू नकोस.

यीस्ट टाकलं, बुडबुडे सुरू झाले, की हात आवर. त्यानंतर शिरलेली हवा बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास आणते. बाटलीत भरतानाही नळी तळापर्यंत सोड, वरून धार नको.

पाकिटातलं सुकं यीस्ट कारखान्यातूनच स्टेरॉलची शिदोरी घेऊन येतं, त्याला पहिल्या बॅचला ओतओत केली नाहीस तरी चालेल. पण तळाशी बसलेलं यीस्ट काढून तेच पुढच्या बॅचला वापरलंस, की शिदोरी संपलेली असते. मग बादल्या काढ.