शेतकरी बाजार भरवताना भाव कोण ठरवणार?

शहरात शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरवायचा म्हटले की आपण आधी मैदान आणि मंडप शोधतो. वास्तविक पहिला प्रश्न भावाचा आहे. आंध्र प्रदेशात १९९९ साली रयतू बाजार सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांना ओळखपत्रे देण्यात आली आणि रोजचा भाव ठरवून फळ्यावर लावण्याची पद्धत पडली. भाव घाऊक दराच्या वर, पण किरकोळ दराच्या खाली. म्हणजे पिकवणारा आणि गिऱ्हाईक दोघांचेही साधते. ओळखपत्र नसेल तर दलालच शेतकरी बनून बसतो, हे व्यापारी बंधूंना सांगायला नकोच.

महाराष्ट्रात २०१६ पासून फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे. तरी जागेसाठी पालिकेची परवानगी आणि तराजूवर वैधमापनाचा शिक्का हवाच.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. मोहल्ल्यातल्या हातगाडीवाल्याला या हिशेबात कोणीच धरत नाही. त्याचाही संसार त्याच भाजीवर चालतो. म्हणून बाजार आठवड्यातून एकच दिवस, तोही दुपारपर्यंत ठेवावा. आणि उरलेला माल शेतकऱ्याने परत न नेता घाऊक भावाने त्यालाच द्यावा, असे दोघांना समोरासमोर बसवून आधीच ठरवून घ्यावे.