बसून पगार

अमरावती-अकोल्याकडे एखादा मुलगा ‘लागला’ असं कानावर आलं की तो काय काम करणार, हे सहसा कोणी विचारत नाही. कुठे लागला आणि किती मिळतात, हे आधी विचारतात. मग आवाज थोडा खाली आणून तिसरा प्रश्न येतो, ‘काम कितीक असते?’ त्यावर ‘काही नाही, बसून पगार’ असं उत्तर मिळालं तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरा आदर दिसतो. या आदराची भूल मलाही बरीच वर्षं होती. पण माझी कहाणी मी इथे सांगणार नाही. एकाच्या कहाणीवर दुसरा सहज म्हणू शकतो, ‘तुमचं नशीब तसं होतं.’ त्यापेक्षा ज्याला पडताळून पाहायचं त्याला पाहता येईल असा हिशेब मांडलेला बरा.

आधी एक कबूल करतो. ही ओढ आळसातून आलेली नाही. वऱ्हाडातला कास्तकार जितकी जबाबदारी उचलतो तितकी क्वचितच कोणी उचलत असेल. पाऊस येवो न येवो, बोंडअळी पडो, तुरीवर धुकं बसो, संत्र्याचा मृगबहार फुटो न फुटो, सगळं त्याच्या डोक्यावर. आणि भाव ठरवणारा मात्र दुसराच. बापाला हे करताना ज्याने लहानपणापासून पाहिलं, त्याला जबाबदारी म्हणजे बिनमोबदल्याचं ओझं वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? उत्तम शेती आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आपल्याकडे उलटी झाली ती उगाच नाही. मुलगी देणाऱ्या घरांनी तर त्या उलट्या म्हणीवर शिक्काच मारला. तेव्हा शाश्वती मागणं रास्त आहे. घोटाळा पुढे होतो. शाश्वती मागता मागता आपण हलकेपणाही मागू लागतो आणि दोन्ही एकच आहेत असं धरून चालतो. महिन्याच्या महिन्याला पगार मिळावा ही एक गोष्ट झाली. त्या पगारासाठी आपल्याला कोणी काही विचारू नये, ही अगदी वेगळी. पहिलीसाठी किंमत मोजावी. दुसरीसाठी मोजावी लागणारी किंमत आधी कोणी सांगत नाही.

त्यातली पहिली किंमत नोकरी लागण्याआधीच द्यावी लागते. 2023च्या तलाठी भरतीत जागा होत्या 4,644 आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक, म्हणजे एका खुर्चीमागे दोनशेच्या वर माणसं. खुल्या वर्गाला एक हजार आणि राखीव वर्गाला नऊशे रुपये शुल्क होतं. सगळ्यांचे नऊशेच धरले तरी ही रक्कम नव्वद कोटींवर जाते. नुसत्या एका परीक्षेचं, नुसतं शुल्क! दर्यापूर, अंजनगाव, धारणीहून अमरावतीत आणि अकोट, तेल्हारा, बाळापूरहून अकोल्यात येऊन राहिलेल्या पोरांची खोली, मेस, क्लास आणि अभ्यासिकेचे पैसे यात धरलेलेच नाहीत. वयाची मर्यादा साधारणपणे खुल्या वर्गाला 38 आणि राखीव वर्गाला 43. ही सवलत म्हणून दिलेली आहे, पण व्यवहारात तिचा अर्थ असा होतो की बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी लावलेली लायब्ररी पंधरा-वीस वर्षं सुटत नाही. दर वर्षी ‘यंदा निघते जागा’ म्हणायचं आणि शेती, दुकान, लग्न, सगळं त्या जाहिरातीवर अडवून ठेवायचं. रांग लांब आहे म्हणून कोणी रांगेतच उभं राहू नये, असं माझं म्हणणं नाही. पण रांग इतकी लांब होण्याचं एक कारण हे की काम काय आहे ते न पाहता तिच्यात शिरलेले फार आहेत. अशा गर्दीवर पोट भरणारेही मग तयार होतात. शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात 2022 साली साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्यातल्या कित्येकांच्या घरी आधी वावर विकलं गेलं असेल, या विचाराने पोटात कालवतं.

बरं, एवढं करून मिळालेली खुर्ची खरंच हलकी असते का? तलाठ्याचंच पाहू. पगारश्रेणी 25,500 ते 81,100, आणि गावाच्या नजरेत सही-शिक्क्याचं काम. प्रत्यक्षात सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसाच्या नोंदी, 2021पासून आलेली ई-पीक पाहणी, निवडणूक, आणि अतिवृष्टी झाली की पंचनामे. गुडघाभर चिखलातून जाऊन लिहिलेल्या पंचनाम्यावर निम्मं गाव नाराज आणि वरचा साहेबही नाराज. चुकीच्या फेरफाराबद्दल कित्येक वर्षांनी नोटीस येऊ शकते. म्हणजे जबाबदारी होतीच, बाहेरून दिसत नव्हती एवढंच. ती नको म्हणून आलेल्या माणसाला हे काम ती उचलायला तयार असलेल्यापेक्षा दुप्पट जड जातं, कारण प्रत्येक कागद त्याला अन्याय वाटतो.

काही जागा मात्र खरोखर हलक्या असतात. तिथे काम नाहीसं झालेलं नसतं, ते शेजारच्या टेबलावर सरकलेलं असतं. ‘ऑपरेटरकडे जा’ हे वाक्य कोणत्याही कचेरीत ऐकायला मिळतं. तो ऑपरेटर बहुधा कंत्राटी, तुटपुंज्या मानधनावर राबणारा. पण सगळी यंत्रणा त्याच्या बोटांवर आणि साहेबाचा पासवर्डही त्यालाच पाठ. दहा वर्षांनी काम कोणाला येतं आणि कोण कोणावाचून अडतं, हे सांगायला नको. यात एका माणसावर अन्याय होतो आणि दुसरा नकळत पांगळा होतो. पांगळा झालेल्याला पगार जास्त असतो, म्हणून त्याचं दुखणं कोणी मोजत नाही.

ज्या पदाची जबाबदारी सहज दुसऱ्याकडे देता येते, ते पद स्वस्तात करून घेण्याचा विचार सरकारलाही आधी सुचतो. खासगी अनुदानित शाळांमधल्या शिपायांच्या बाबतीत 11 डिसेंबर 2020च्या शासन निर्णयाने नेमकं हेच केलं. आहेत ते कर्मचारी निवृत्त होईपर्यंत राहतील, पुढे त्या जागी वेतनश्रेणी नाही, ठोक भत्ता. ग्रामीण भागात तो पाच हजार रुपये. शाळेची घंटा, कुलपं, झाडलोट हे काम मुळीच क्षुल्लक नाही आणि तो निर्णय मला न्याय्यही वाटत नाही. पण हलक्या मानल्या गेलेल्या जागेची शाश्वती किती, हे त्यातून दिसतं. ज्या दोन गोष्टी एक समजून आपण धावतो, त्यांतली एक दुसरीला खाऊ शकते ती अशी.

सेवेत गेल्यावर तर हलकेपणाचा लेखी दरच आहे. बदली नको, वरची कटकट नको म्हणून पदोन्नती नाकारणारे सगळ्यांच्या ओळखीचे असतात. बढती न मिळालेल्यांसाठी राज्य शासनाची आश्वासित प्रगती योजना आहे. तिच्यात आता 10, 20 आणि 30 वर्षांनी वरच्या श्रेणीचा लाभ मिळतो. मात्र ज्याने बढती आपणहून नाकारली, त्याला तो नाकारला जातो. पैशांचं एक वेळ सोडून देऊ. जबाबदारी आणि अधिकार एकाच जोखडाला जुंपलेले बैल आहेत. एक सोडला की दुसरा शेतात थांबत नाही. आपल्या कामात आपलंच काही चालत नाही, याचा शरीरावर काय परिणाम होतो ते इंग्लंडमध्ये तपासलेलं आहे. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास 1967 साली सुरू झाला. हृदयविकाराचा धोका वरच्या साहेबांना जास्त असेल, हा सर्वसाधारण समज होता. निघालं उलटंच, खालच्या श्रेणीत मृत्यूचं प्रमाण कितीतरी अधिक. धूम्रपान, रक्तदाब वगैरे जमेस धरूनही फरक पुरता मिटला नाही. पुढच्या अभ्यासात कामावरचा ताबा कमी असणं हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं.

यावर एक आक्षेप मला मनापासून आवडतो. नोकरी पोटापुरती हलकी असावी, उरलेला जीव आपल्या आवडीत घालावा, आइन्स्टाइनने नाही का पेटंट कचेरीत बसून 1905चे शोधनिबंध लिहिले? लिहिले. पण तिथे तो बसून पगार घेत नव्हता. आलेला प्रत्येक अर्ज तपासून यंत्रात दोष कुठे आहे हे काढण्याचं त्याचं काम होतं आणि 1906 साली त्याला बढतीही मिळाली. काफ्काचंही तसंच. प्राग शहरातल्या कामगार अपघात विमा संस्थेत त्याने कारखान्यातले अपघात कसे टळतील यावर अहवाल लिहिले. ज्याच्याजवळ आधीपासून काही ध्यास आहे, त्याने हलकी नोकरी जरूर धरावी. ज्याच्याजवळ नाही, त्याच्या रिकाम्या वेळात मोबाइल शिरतो, नाहीतर चौकातलं राजकारण.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. खासगीत जबाबदारी ढीगभर आणि पगार चिमूटभर, मग करावं काय? तिथे राबून घ्या असा सल्ला मी देणार नाही. माझं सांगणं इतकंच की जाहिरातीत पगाराच्या आकड्याखाली बोट ठेवण्याआधी त्या पदावर दहा वर्षं काढलेला माणूस गाठावा. त्याला सुट्या किती, हे विचारू नये. तुम्ही महिनाभर आला नाहीत तर कोणाचं अडेल, आणि उद्या हे पद गेलं तर तुम्हाला दुसरं काय येतं, हे विचारावं. तयारी करायचीच तर ती कधी थांबवायची तो महिना आणि साल आधी घरात सांगून टाकावं. तोवर एक दुसरं काम हातात ठेवावं, मग ती संत्र्याची बाग असो की शिकवण्या. आणि पुढच्या वर्षाची लायब्ररी लावण्याआधी आजवर गेलेली वर्षं आणि गेलेला पैसा एका कागदावर लिहावा. मिळू शकणाऱ्या पगाराचा आकडा त्या कागदावर लिहायचा नाही.