दुपारचा थकवा



‘फादर, हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही,’ असे सांगणारे बहुधा पन्नाशीच्या आसपासचे असतात. मिस्सा चुकत नाही, रोजरीही चालू असते, पण मणी नुसते बोटांतून सरकतात. काहीजण मग एका रिट्रीटहून दुसऱ्या रिट्रीटला धावतात. रिट्रीट चांगलीच; परंतु घरी परतल्यावर आठ दिवसांत पुन्हा कोरड पडत असेल तर दुखणे निराळे आहे.

इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी ह्या दुखण्याला ‘अकेडिया’ असे ग्रीक नाव दिले होते. त्यांच्यातील विद्वान एवाग्रियस (मृत्यू इ.स. ३९९) त्याला ‘दुपारचे भूत’ म्हणतो. (त्याची काही तात्त्विक मते ख्रिस्तसभेने पुढे नाकारली, पण मनाची नाडी त्याला अचूक सापडली होती.) हे भूत सकाळी दहापासून दोनपर्यंत छळते. दिवस पन्नास तासांचा वाटतो. जेवणाची वेळ तीनची. तपस्वी पुन:पुन्हा बाहेर डोकावून सूर्य किती कलला ते पाहतो. मग त्याला आपली खोली नकोशी होते, हातातले काम नकोसे होते. बांधवांत प्रेम उरलेले नाही, कुणी विचारपूस करत नाही, असे वाटू लागते. शेवटी भूत कानाशी लागते: देव काय, सगळीकडेच आहे, दुसरीकडे गेलास तर बरे होईल!

भुताची खरी चलाखी ह्या शेवटच्या वाक्यात आहे. वाक्य खोटे नाही, म्हणूनच ते पटते. दुसरे चर्च, दुसरा प्रार्थनागट, दुसरे फादर! नवजीवन नेहमी दुसरीकडेच दिसते.

मुख्य पापांच्या यादीत आपण ज्याला ‘आळस’ म्हणतो, तो मुळात हा अकेडिया. संत थॉमस अक्विनास त्याची व्याख्या दैवी चांगुलपणाविषयी वाटणारी खिन्नता अशी करतो. म्हणजे दिवसभर राबणारा माणूसही ह्या अर्थाने आळशी असू शकतो. कामाच्या रगाड्यात लपणे तर फार सोपे. मात्र झोप उडाली असेल, जगणेच नकोसे झाले असेल, तर ते पाप समजू नका. डॉक्टरांकडे जा.

उपाय कोणता? वाळवंटातील संत आंतोन एकदा ह्याच उदासीनतेने ग्रासले होते. तेव्हा त्यांना आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून काम करी, उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळी, पुन्हा उठून प्रार्थना करी. तो देवदूत होता. त्याने आंतोनला नवी साधना शिकवली नाही. जागा बदलायला सांगितले नाही.

एवाग्रियसचा सल्लाही असाच आहे: खोली सोडू नकोस. मन फारच खचले तर ४२व्या स्तोत्रातील भक्ताप्रमाणे स्वत:च्याच जिवाशी बोल, त्याची समजूत काढ. हे भूत हटल्यावर लगेच दुसरे येत नाही, मागे शांती आणि आनंद उरतो, असा त्याचा अनुभव आहे.

तेव्हा लांबलचक संकल्प नकोत. घरची संध्याकाळची प्रार्थना दहा मिनिटांची असेल तर दहाच मिनिटे राहू द्या, पण ठरल्या वेळी बसा. मन लागले नाही तरी शेवटच्या आमेनपर्यंत उठू नका. टीव्ही थांबेल.