यादीबाहेरचा खेळाडू

प्रास्ताविक

भरतीचा, प्रवेशाचा किंवा निवड चाचणीचा निकाल फलकावर लागतो. यादी वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचूनही त्यात आपले नाव सापडत नाही. अशी वेळ पुष्कळांवर येते. यादी खोटी नसते. पण तिच्यात नसलेल्या माणसाविषयी ती नेमके काय सांगते? या पाठात आपण एका अमेरिकन खेळाडूच्या सुरुवातीच्या वर्षांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अमेरिकन फुटबॉलचे स्वरूप व त्यातील निवडपद्धती थोडक्यात सांगू शकाल;
• निवडीच्या वेळी कोणते गुण मोजले जातात व कोणते निसटतात, हे उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
• एखाद्याच्या यशाकडे दोन्ही बाजूंनी पाहून स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. खेळ आणि त्याची निवडपद्धती

अमेरिकेत ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतात, तो खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. त्यातला चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून धावता येते, फेकता येतो आणि ठरावीक प्रसंगी पायाने मारताही येतो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. ज्या संघाकडे चेंडू असतो, त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. प्रतिपक्षाच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला, की ‘टचडाउन’ होते व ६ गुण मिळतात. चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारास ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. पुढे धावत जाऊन तो चेंडू झेलणे, हे ‘वाइड रिसीव्हर’चे मुख्य काम. या जागेसाठी उंच आणि अतिशय वेगवान खेळाडूंना पसंती दिली जाते.

‘नॅशनल फुटबॉल लीग’ या व्यावसायिक स्पर्धेत ३२ संघ आहेत. महाविद्यालयीन खेळाडूंमधून नवे खेळाडू घेण्यासाठी दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाची निवड होते. तिच्या सात फेऱ्या असतात व प्रत्येक फेरीत संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघाला आधी निवडण्याची संधी मिळते. २००४ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क येथे झालेल्या ड्राफ्टमध्ये २५५ खेळाडू निवडले गेले. एकट्या पहिल्या फेरीत सात वाइड रिसीव्हर निवडले गेले. परंतु सातही फेऱ्या संपल्या, तरी वेस वेल्कर या तरुणाचे नाव कोणी घेतले नाही.

२. रिकाम्या झालेल्या जागेवर

वेल्करचा जन्म १ मे १९८१ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ओक्लाहोमा सिटी येथे झाला. शाळेच्या संघात तो चेंडू घेऊन धावे, झेल घेई, बचाव करी आणि चेंडू पायाने मारण्याचे कामही करी. असे असूनही मोठ्या विद्यापीठांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. त्याची उंची होती जेमतेम ५ फूट ९ इंच. अखेरीस टेक्सास टेक विद्यापीठात दुसऱ्या एका मुलाने ऐन वेळी येण्याचे नाकारले आणि त्याची रिकामी झालेली जागा वेल्करला मिळाली.

तेथील प्रशिक्षक माइक लीच यांच्या खेळाचा सारा भर चेंडू फेकण्यावर होता. त्या संघात वेल्करने २५० हून अधिक झेल घेतले. प्रतिपक्षाने पायाने दूर उडवलेला चेंडू झेलून तो थेट टचडाउनपर्यंत नेण्याची कामगिरी त्याने आठ वेळा केली. तरीही ड्राफ्टपूर्वी होणाऱ्या मुख्य चाचणी शिबिराचे निमंत्रण त्याला आले नाही. त्या शिबिरात उंची, वजन, उडी आणि ४० यार्ड धावण्याचा वेळ मोजला जातो. वेल्करचे बलस्थान या मोजपट्टीत मावणारे नव्हते.

३. एका सामन्याची नोकरी

ड्राफ्टमध्ये ज्यांची निवड होत नाही, अशा खेळाडूंशी संघ स्वतंत्र करार करू शकतात. असा करार म्हणजे पक्की जागा नव्हे. हंगाम सुरू होण्यापूर्वी संघाला आपली संख्या ५३ वर आणावी लागते आणि तेव्हा बहुतेक वेळा अशाच खेळाडूंवर कुऱ्हाड कोसळते. वेल्करने सॅन डिएगो चार्जर्स संघाशी करार केला आणि तो या गाळणीतून पार पडला. परंतु हंगामाचा पहिला सामना होताच संघाला दुसऱ्या जागेवरच्या एका खेळाडूची गरज भासली आणि जागा करण्यासाठी वेल्करला काढून टाकण्यात आले. लवकरच त्याला मायामी डॉल्फिन्स संघाने घेतले. तेथे त्याला चेंडू झेलून परत धावत येण्याचे काम देण्यात आले. समोरून अकरा धिप्पाड खेळाडू पूर्ण वेगाने अंगावर येत असताना हे करायचे असल्याने, हे काम खेळातल्या अत्यंत धोक्याच्या कामांपैकी एक मानले जाते.

४. १० ऑक्टोबर २००४

या दिवशी डॉल्फिन्सची गाठ तत्कालीन विजेत्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाशी होती. सामन्यापूर्वीच्या सरावात डॉल्फिन्सच्या नियमित किक मारणाऱ्या खेळाडूला दुखापत झाली. संघात दुसरा तज्ज्ञ नव्हता. शाळेत असताना हे काम केलेला वेल्कर पुढे झाला. त्या एका सामन्यात त्याने २९ यार्डांवरून ‘फील्ड गोल’ मारून ३ गुण मिळवले, टचडाउननंतरचा जादा १ गुण मिळवला, खेळ सुरू करणारी किकही मारली आणि त्याखेरीज दोन्ही प्रकारच्या किकांचे चेंडू झेलून परत धावण्याचे आपले नेहमीचे कामही केले. डॉल्फिन्स १०–२४ असे हरले. पण त्यांच्या दहा गुणांपैकी चार गुण वेल्करच्या पायाने मिळाले होते. ही पाचही कामे एकाच सामन्यात करणारा तो लीगच्या इतिहासातील केवळ दुसरा खेळाडू ठरला.

तरीही ज्या कामासाठी तो घडला होता, ते अजून दूरच होते. त्या संपूर्ण हंगामात वाइड रिसीव्हर म्हणून त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. २००५ मध्ये २९ आणि २००६ मध्ये ६७ झेल, अशी त्याने पायरी पायरीने मजल मारली.

५. प्रतिस्पर्ध्याची पारख

डॉल्फिन्स आणि पेट्रियट्स हे एकाच गटातील संघ असल्याने वर्षातून दोनदा समोरासमोर येत. त्यामुळे पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना वेल्करचा खेळ जवळून पाहायला मिळाला. २००७ मध्ये त्यांनी त्याला आपल्या संघात आणले. त्याच्या बदल्यात डॉल्फिन्सना ड्राफ्टमधील दुसऱ्या आणि सातव्या फेरीतील एकेक निवड देण्यात आली. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी एकाही संघाने सातव्या फेरीतील शेवटची निवडसुद्धा खर्च केली नव्हती, त्याचे मोल आता असे ठरले.

पेट्रियट्सनी त्याला मैदानाच्या कडेला नव्हे, तर आतल्या बाजूस, गर्दीच्या जागी खेळवले. तेथे लांब धाव घेण्यापेक्षा दोन पावलांत दिशा बदलणे, प्रतिस्पर्ध्यांमधली फट ओळखणे आणि धडक बसणार हे दिसत असूनही नजर चेंडूवर ठेवणे महत्त्वाचे असते. त्याच वर्षी वेल्करने ११२ झेल घेतले. त्या हंगामात लीगमध्ये त्याहून अधिक झेल कोणाचेही नव्हते. २००९ मध्ये त्याने १२३ झेल घेतले.

६. दुसरी बाजू

ही कथा वाचून ‘जिद्द असली की सारे जमते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. यादीबाहेर राहिलेल्या बहुतेक खेळाडूंना कायमची जागा मिळत नाही, आणि त्यांच्यापाशी जिद्द नसते असेही नाही. वेल्करला काही योगायोगही लाभले. कोणाच्या तरी नकाराने जागा रिकामी झाली, कोणाच्या तरी दुखापतीने संधी आली. या यशाची किंमतही त्याने मोजली. नोव्हेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१४ या अवधीत, डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाकडून खेळताना त्याच्या मेंदूला तीनदा आघात झाला. २०१५ हा त्याचा शेवटचा हंगाम ठरला. तोवर त्याचे ९०३ झेल झाले होते.

मग या कथेतून काय घ्यावे? निवड करणाऱ्यांनी वेल्करची उंची मोजली, ती चुकीची मोजली नव्हती. मात्र त्यांनी एका ठरावीक जागेसाठी लागणारा माणूस शोधला. या माणसासाठी कोणती जागा योग्य, हे पाहिले नाही. ते दिसायला तीन वर्षांचे काम लागले. त्या तीन वर्षांत वेल्करने हातात येईल ते काम हलके मानले नाही, म्हणूनच तो पाहणाऱ्यांच्या नजरेसमोर राहिला. एका दिवसाच्या मोजमापावरून यादी तयार होते. माणसाची ओळख पटायला त्याचे काम पाहावे लागते.

पाठगत प्रश्न

१. वेल्करला टेक्सास टेक विद्यापीठात प्रवेश कसा मिळाला?
२. सॅन डिएगो संघाने त्याला का काढून टाकले?
३. ‘मोजपट्टीत न मावणारे’ वेल्करचे कोणते गुण पाठात आले आहेत?

भाषाभ्यास

पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : कुऱ्हाड कोसळणे, मजल मारणे, किंमत मोजणे, गाळणीतून पार पडणे.

पाठान्त प्रश्न

१. ‘एका दिवसाच्या मोजमापावरून यादी तयार होते. माणसाची ओळख पटायला त्याचे काम पाहावे लागते.’ या विधानांविषयी तुमचे मत १० ते १२ ओळींत लिहा.
२. वेल्करच्या यशात परिश्रमांचा वाटा कोणता व योगायोगाचा कोणता, हे उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील, औपचारिक निवडीत मागे पडूनही आपल्या कामात निपुण ठरलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला आणि तिच्या कामाविषयी एक परिच्छेद लिहा.